शनिवारची परीक्षानळी

भूम, १७ फेब्रुवारी २०२४

जाई,

खोकं मिळालं. चार बाटल्या आहेत, चारही शाबूत. चिठ्ठी नाही. आठ वर्षांनी काही पाठवणाऱ्या माणसानं एक ओळ लिहायला हरकत नव्हती, पण गप्प राहण्यात तुझा हात कोण धरणार?

कुरिअरवाल्यानं खोकं देण्याआधी दोनदा नाकाशी धरलं. "मॅडम, यात दारू हाय का?" मी सांगितलं, समुद्रातला स्पंज आहे, स्पिरिटात भिजवलेल्या कापसात गुंडाळलेला. "म्हंजे दारूच की," म्हणाला आणि सही घेऊन गेला. आता पेठेत माझ्याबद्दल काय बोललं जात असेल त्याची कल्पना कर.

बाटल्यांवर तुझंच अक्षर. थो-१, थो-२, धा-१, धा-२. थोरली आणि धाकटी. सरांकडं पीएच.डी.ला लागलो त्या वर्षी रत्नागिरीच्या खडकांवर आपणच ही नावं ठेवली होती. ओहोटीला दगड उलटायचा, की खाली पंजाएवढे दोन नारिंगी थर, शेजारी शेजारी. रंग तोच, भोकं तशीच, जाडीही तीच. तुळजापूरच्या पुजाऱ्यांची लेक कमरेएवढ्या पाण्यात आणि उमरग्याच्या आडत्याची लेक कोरड्या दगडावर टोपली धरून, कारण मला पोहता येत नव्हतं. अजूनही येत नाही. इथं गरजही पडत नाही.

माझा या कामाशी आता संबंध नाही. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते आणि अव्वाबरोबर राहते; आईला मी इथंच आणलं आहे. धाकटी ही वेगळी जात आहे असं मी म्हणत होते, कारण तिच्या अंगात मला अतिशय बारीक, कोयत्यासारखे वाकडे काटे सापडले होते. थोरलीत ते नव्हते. त्यावर सरांच्या आणि तुझ्या नावानं छापून आलेलं वाक्य मला पाठ आहे : "यापूर्वी नोंदवलेले बारीक काटे ही परीक्षानळ्या नीट न धुतल्यामुळे झालेली भेसळ होय." त्या वाक्यानंतर माझा प्रबंध कोण वाचणार होतं?

बाटल्या परत पाठवते. फोन करू नकोस, तुझा नंबर मी बंद केलेला आहे. काही सांगायचं असेल तर लिहून पाठव. तोंडी बोललेलं एकदा माझ्या अंगाशी आलं आहे.

शिवांजली


भूम, १० मार्च २०२४

जाई,

तुझं पत्र आलं. बाटल्या अजून इथंच आहेत.

किनाऱ्यावरच्या सगळ्या स्पंजांची यादी वर्षअखेरीस छापायला जाणार, शेवटचा शब्द सरांचा, आणि या यादीत दोघी एकच म्हणून लागल्या की पुढची वीस वर्षं त्यांच्याकडं कोणी वळून बघणार नाही, हे सगळं समजलं. तुला "शंका आहे" असं तू लिहितेस. धाकटीला हात लावला की तुझ्या बोटांना खाज सुटते, थोरलीला लावला तर सुटत नाही, हे तुझ्या वहीत पहिल्या वर्षापासून आहे, असंही लिहितेस. मग ती वही सरांपुढं का उघडली नाहीस?

उत्तर देऊ नकोस. मला ते ठाऊक आहे.

मी चारही बाटल्यांतले तुकडे कापले. कापायचं नव्हतं, पण आमच्या प्रयोगशाळेतले शिपाई महालिंगप्पामामा रोज विचारायचे, "बाई, त्या लोणच्याच्या बाटल्यांचं काय करायचं?" मामांची निवृत्ती दोन वर्षांवर आली आहे आणि टेबलावर बिनकामाची वस्तू त्यांना सहन होत नाही. म्हणून एका सकाळी वाटाण्याएवढे तुकडे चार नळ्यांत टाकले आणि वर कपड्यांचं ब्लीच ओतलं. मामा शेजारी उभे. मांस विरघळून गेलं, तळाला पांढरी पूड राहिली.

"मेलं का?"

"मेलेलंच होतं, मामा. ही त्याची हाडं. काचेचे काटे असतात याच्या अंगात."

"काचंचे?" मामांनी नळी उजेडाला धरली. "समुद्रातली जनावरं काच खात्यात व्हय?"

नळ्या नव्या कोऱ्या होत्या, हे लिहून ठेवते. चारही आदल्या दिवशी दुकानातून आणल्या, मामांच्या समोर वेष्टनातून काढल्या. धुवायला गॅरेजमधून बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणलं, कारण इथल्या नळाच्या पाण्यात क्षार इतके की काचेवर नुसता पांढरा डाग राहतो. सरांच्या पद्धतीनंच धुतलं. पाणी घालायचं, हलवायचं, दहा मिनिटं थांबायचं, वरचं पाणी ओतून द्यायचं. असं पाच वेळा. आमच्या सूक्ष्मदर्शकाला दिवा नाही, खाली आरसा आहे. सकाळी नऊ ते अकरा पूर्वेच्या खिडकीतून ऊन येतं तेवढ्यात काय ते बघून घ्यायचं.

बघितलं. थोरलीत टाचण्यांसारखे काटे, एका टोकाला गाठ असलेले. धाकटीत तसेच. मोजले, तेही सारखे. वाकडा काटा एकही नाही. दोनशे तपासले, तीनशे तपासले.

म्हणजे तुमचंच खरं. एकच जात आहे. यादीत तसं खुशाल लिही.

पत्राच्या शेवटी तू "त्या शनिवारचं" काढलं आहेस. ते काढू नकोस.

शिवांजली


भूम, २८ एप्रिल २०२४

जाई,

हे पत्र घाईत लिहिते आहे.

सुट्टी लागली आणि कॉलेजला रंगकाम निघालं, म्हणून प्राचार्यांच्या परवानगीनं सूक्ष्मदर्शक घरी आणला. मामांनी तो सायकलच्या कॅरिअरला बांधून, स्वतः चालत आणला, नवरीसारखा. दोघी एकच म्हणून मी तुला लिहिलं होतं, पण मन मानेना. बारावीचे पेपर तपासून झाल्यावर पुन्हा धाकटी घेतली. काचेच्या पेल्यात मांस विरघळवलं, एकदा धुतलं, पुन्हा पाणी घालून हलवलं. तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला. गल्लीत टँकर तिसऱ्या दिवशी येतो. मी पेला ओट्यावर ठेवून घागरी घेऊन धावले.

परत आले तर अव्वा ओट्यापाशी उभी, हातात तुरटीचा खडा. टँकरचं पाणी विहिरीच्या तळाचं, मातकट. ते आलं की ती घागर, हंडा, बादली, सगळ्यांत तुरटी फिरवते. चाळीस वर्षांची सवय आहे. माझा पेलाही तिच्या रांगेत सापडला.

"अव्वा! यात काय घातलंस?"

"तुरटी. गढूळ व्हतं की गं. दोन येढे फिरवली."

"ते पाणी प्यायचं नव्हतं!"

"मग पेल्यात कशाला ठिवलीस? पेला कशासाठी असतो?" मी पेला उजेडाला धरला. "बघ तरी, कसं निवळलंय," ती म्हणाली. "तुझ्या कॉलेजात असलं पाणी मिळतं का?"

खरंच निवळलं होतं. तळाला कापसासारखा पांढरा गाळ बसला होता. माझ्याकडं धाकटीचा एवढाच तुकडा विरघळवलेला होता, म्हणून तो ओतून द्यायचं धाडस झालं नाही. गाळात पातळ आम्ल घातलं. तुरटीचा कापूस विरघळून गेला, काच राहिली. तिचा थेंब काचपट्टीवर घेतला आणि खिडकीशी बसले.

जाई, वाकडे काटे आहेत. दोन-चार नाहीत. टाचण्यांच्या मध्ये मध्ये कोयत्यांचा खच पडला आहे.

अव्वाला बोलावून दाखवलं. एक डोळा मिटायचा तर ती दोन्ही मिटते, म्हणून हातानं तिचा एक डोळा झाकून धरला. बराच वेळ बघून म्हणाली, "शिवा शिवा. ह्ये समद्या पाण्यात असतंय?"

तिचा प्रश्न बरोबर आहे. ते टँकरच्या पाण्यातलं असेल, तुरटीतलं असेल, पेल्यातलं असेल. मी आत्ता काहीही म्हणत नाही. चार दिवस थांब.

शिवांजली


भूम, २ मे २०२४

प्रिय जाई,

सगळं करून झालं. नुसतं बॅटरीचं पाणी आणि तुरटी, काहीही नाही. टँकरचं पाणी आणि तुरटी, माती आणि वाळू, काटा नाही. थोरली आणि तुरटी, टाचण्या आहेत, कोयते नाहीत. धाकटी आणि तुरटी, कोयतेच कोयते. आणि शेवटची नळी, धाकटी, तुरटी न घालता, नुसती दोन दिवस उभी ठेवलेली. तीत तेवढेच कोयते.

तुरटीत काही जादू नाही. ते काटे इतके बारीक आहेत की पाण्यात तरंगत राहतात, तळाला यायला त्यांना दिवसभराच्या वर लागतो. तुरटी त्यांना ओढून लगेच खाली आणते, एवढंच. आपण दहा मिनिटं थांबून वरचं पाणी मोरीत ओतत होतो. सर ओततात, तू ओततेस, मार्चमध्ये मीही ओतलं. धाकटीची ओळख आपण सगळ्यांनी मिळून मोरीत घालवली.

मग आठ वर्षांपूर्वी मला ते दिसले कसे?

आता त्या शनिवारचं लिहिते. तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण मी ते कधीच कुणाला लिहून दिलेलं नाही. त्या शनिवारी सकाळी मी धाकटीची नळी हलवून स्टँडला ठेवली आणि सरांना न सांगता उमरग्याची एसटी धरली. घरी पाहुणे बघायला येणार होते. सोमवारी सकाळी परत आले आणि नळीतलं पाणी काढून तळाचा थेंब बघितला. नोंदवहीत मात्र शनिवारची तारीख घातली, वेळ दहा मिनिटं. हजेरीपटावर माझी सही तू केलीस. मी तुला अन्नपूर्णेची शपथ घातली होती, कुणाला सांगणार नाही म्हणून. पाहुण्यांनी मुलगी जास्त शिकलेली आहे म्हणून नकार दिला, म्हणजे त्या शनिवारातून तेही निघालं नाही.

सरांनी माझ्या वहीप्रमाणं दहा मिनिटांनी बघितलं. त्यांना काटे दिसले नाहीत. पुन्हा बघितलं, पुन्हा नाहीत. ते दुसरा काय निष्कर्ष काढणार होते? त्यांनी तुला विचारलं, तू मान खाली घातलीस. तू बोलली असतीस तर नळी दोन दिवस उभी होती हे बाहेर आलं असतं, आणि मी खोटं लिहिलं हेही. तू मला दिलेला शब्द पाळलास. मी मात्र आठ वर्षं तुला लबाड म्हणत बसले.

नळ्या धुतलेल्या होत्या, जाई. त्या खरंच धुतलेल्या होत्या. खोटी होती ती फक्त वेळ, आणि सगळं तिच्यातच होतं.

हे मी सरांना लिहिणार आहे.

शिवांजली


भूम, १९ जून २०२४

प्रिय जाई,

तू लिहितेस, शनिवारचं सांगायची गरज नाही, नवा प्रयोग पुरेसा आहे. तुझी काळजी समजते. हजेरीपटावरची सही तुझी आहे. म्हणून तुझं पत्र येईपर्यंत थांबले. पण तुझ्याच पत्रातलं शेवटचं वाक्य असं आहे : "तरी तुला लिहायचंच असेल, तर माझं नाव गाळू नकोस." तू अशी वाक्यं शेवटी का लिहितेस? आधी लिहिलंस तर पत्र निम्मं होईल.

सरांना चार पानं पाठवली. पहिल्या पानावर शनिवार. दुसऱ्यावर तुरटी, अव्वाच्या नावासकट. तिसऱ्यावर पाच नळ्यांची नोंद. चौथ्यावर एवढंच, की धाकटी वेगळी आहे, यादीत तिला वेगळी जागा द्यावी. अव्वाचं नाव कशाला, असं वाटलं होतं. मग वाटलं, एकदा गाळायला लागलं की कुठं थांबायचं हे कळत नाही.

सरांनी पत्र फाडून टाकलं तर ते नळ्यांबद्दलचं वाक्य जन्मभर माझ्यामागं राहील. नळ्या न धुणारी म्हणून ओळख होतीच, खोटी नोंद करणारी म्हणून नवी होईल, आणि ही मी स्वतःच्या सहीनं दिलेली.

मामांना सांगितलं. ते म्हणाले, "चूक कबूल केली न्हवं? मग आता झोप चांगली लागंल." लागत नाही, हे त्यांना सांगितलं नाही.

शिवांजली


भूम, २५ ऑगस्ट २०२४

प्रिय जाई,

सरांचं उत्तर आलं. उत्तर म्हणजे लाकडी खोकं, आत दहा बाटल्या, नुसते आकडे घातलेल्या, आणि वहीच्या पानावर चार ओळी :

"दहा नमुने पाठवीत आहे. प्रत्येक कोणती ते लिहून कळवावे. खरी नावे बंद पाकिटात जाईकडे दिली आहेत. तिने ती पाहिलेली नाहीत. मुदत महिना. हल्ली शनिवारी आमची प्रयोगशाळा बंद असते, हे आपण ध्यानात घ्यावे."

शेवटच्या ओळीवर मी आधी चिडले, मग हसले. सरांनी विनोद केलेला मी पहिल्यांदाच वाचला. तो विनोदच आहे ना?

दहाही नव्या नळ्यांत घातल्या. प्रत्येक नळी दोन दिवस उभी. घरी ठेवल्या नाहीत. अव्वानं स्वतःच बजावलं, "माझ्या हाताला सवय हाय, तू तिकडंच ठिव." प्रयोगशाळेच्या कपाटावर मामांनी खडूनं लिहिलं आहे : "हात लावू नये. समुद्र." पोरं येता-जाता वाचतात आणि लांबून जातात.

सकाळचं ऊन ढगांमुळं मिळत नाही. काल बारा मिनिटं मिळालं. आत्तापर्यंत चार झाल्या. कोणत्या कोणत्या ते तुला लिहीत नाही. पाकीट तुझ्या टेबलाच्या खणात आहे आणि तू फार दिवस गप्प राहू शकतेस हे मला माहीत आहे, तरी परीक्षा देणाऱ्यानं उत्तरं सांगत फिरू नये.

शिवांजली


भूम, १४ सप्टेंबर २०२४

प्रिय जाई,

उत्तरं आज रजिस्टरनं पाठवली. पाच थोरली, पाच धाकटी.

नऊ बाटल्यांबद्दल मला जराही शंका नाही. सातवीनं मात्र जीव काढला. बाटली जुनी, बूच वाळलेलं, आतला तुकडा विटकरी आणि कडक. पहिल्यांदा बघितली तेव्हा कोयते फार थोडे, एका काचपट्टीत सहा. सहा म्हणजे भेसळही असू शकते. हाच शब्द वापरून मला घरी पाठवलं होतं. दुसरा तुकडा घेतला, दुसरी नळी, पाणीही दुसऱ्या डब्यातलं. पुन्हा दोन दिवस. नऊ कोयते. तिसऱ्यांदा तुकड्याचा वरचा वाळका थर काढून टाकला आणि आतला घेतला. तेव्हा एकेका काचपट्टीत चाळीसच्या वर.

थोरली लिहिणं सोपं होतं. बाकीच्या बाटल्यांची नावं सरांनी तुझ्या वहीतल्या खाजेवरून लिहिली असतील, पण एवढी जुनी बाटली सरांच्याच कपाटातली असणार, आणि त्या कपाटावर धाकटी हे नाव कधी कुणी घातलेलंच नाही. पाकिटात थोरली लिहिलेलं असणार, हे मला दिसत होतं. म्हणजे दहापैकी दहा हवे असतील तर थोरली लिहायचं. मी धाकटी लिहिलं.

आता ६ ऑक्टोबरला तुम्ही व्हिडिओवर पाकीट उघडणार. तोपर्यंत मला पत्र लिहू नकोस.

शिवांजली


भूम, १३ ऑक्टोबर २०२४

माझ्या जाई,

काल दसरा झाला. आज मोकळी बसून सगळं सविस्तर लिहिते, कारण तुझ्या पडद्यावर तुला माझा एकटीचा चेहरा दिसत होता. माझ्या मागं कोण होतं ते तुला दिसलं नाही.

रविवार असूनही मामा इस्त्रीचा सदरा घालून आले होते. अव्वा स्टाफरूममधल्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती, कारण "तुझ्या सराला बघायचंय". कॅमेरा मी तोंडाशी इतका जवळ ठेवला होता की मागचं काही दिसू नये.

तू पाकीट फोडलंस. एकेक आकडा वाचत गेलीस. बरोबर, बरोबर, बरोबर. तुझा आवाज चढत होता, आणि प्रत्येक बरोबरला मामा टेबलावर बोट आपटत होते. सहा झाल्या. मग तू थांबलीस. सातवी, म्हणालीस, पाकिटात थोरली आहे. मामांचं बोट वरच राहिलं.

सर म्हणाले, "सातवी मी स्वतः गोळा केली आहे. अठ्ठ्याण्णव साली. मी स्वतः ओळखली आहे."

तेव्हा माझ्या मागून अव्वा काय म्हणाली ते तुम्हाला ऐकू आलं नसेल. ती म्हणाली, "मग सांग की त्येला." म्हणून मी सांगितलं. "सर, सातवी धाकटी आहे. तीन वेळा बघितली. वरचा थर काढून आतला तुकडा घ्या, आणि दोन दिवस थांबा." आवाज माझाच होता का, असं मला नंतर वाटलं. सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बाकीच्या वाच." आठवी, नववी, दहावी बरोबर. मग पडदा काळा झाला.

ते तीन दिवस मी वर्गात काय शिकवलं ते पोरांनाच विचार. बुधवारी दुपारी ऑफिसातला फोन वाजला. क्लार्क जेवायला गेला होता, फोन मामांनी घेतला. मी दारात होते, म्हणून सगळं ऐकलं.

"कोन बोलतंय? ... न्हाय, बाई तासाला हायेत. ... आधी नाव सांगा. ... कुठले सर? हितं समदेच सर हायेत." मग मामा ताठ उभे राहिले. "व्हय जी. व्हय. हाय की, हितंच हाय. देतो." रिसीव्हर माझ्या हातात देऊन ते दारात पहाऱ्याला उभे राहिले.

सर म्हणाले, "शिवांजलीबाई, सातवी धाकटी आहे." मी खुर्ची ओढून बसले. "सोमवारी लावली, आज बघितली. बारीक काटे भरपूर आहेत. सव्वीस वर्षं माझ्या कपाटात ती चुकीच्या नावानं होती." मग म्हणाले, "तुमच्या नळ्या स्वच्छ होत्या. हे मी छापून देईन. त्या वाक्यासकट, यादीच्या प्रस्तावनेत."

मी त्यांना धन्यवाद म्हणायच्या ऐवजी "हो सर" म्हणाले, आठ वर्षांपूर्वी म्हणायचे तसं. फोन ठेवल्यावर मामांनी विचारलं, "काय म्हनले?" मी सांगितलं, "सातवी आपली." मामा वऱ्हांड्यात गेले आणि मधल्या सुट्टीची घंटा दहा मिनिटं आधीच वाजवली. पोरं ओरडत बाहेर आली. प्राचार्य घड्याळ बघत आले. मामा त्यांना म्हणाले, "वाजवली म्या. समुद्राचा निकाल लागला."

घरी अव्वानं होळगे केले, आमच्याकडच्या पुरणपोळ्या, तुपाची धार धरून. गल्लीत चार घरी दिले. कशाबद्दल म्हणून विचारलं तर म्हणाली, "पोरीच्या नळ्या धुतलेल्या व्हत्या म्हणून." शेजारच्या सीताबाई अजून कोड्यात आहेत.

तुझा नंबर सुरू केला आहे. पण लगेच फोन करू नकोस. पत्रांची सवय लागली आहे.

शिवांजली


भूम, १९ जानेवारी २०२५

माझ्या जाई,

यादी आली. पान एकसष्ट. जिथं एक ओळ असायची तिथं दोन आहेत. पहिलीत थोरली, तिच्या जुन्या लॅटिन नावानं. दुसरीत "नवी जात, वर्णन स्वतंत्रपणे प्रसिद्ध होत आहे", आणि पुढं आपल्या दोघींची नावं, माझ्या नावासमोर भूम. प्रस्तावनेत सरांनी स्वतःच्या जुन्या लेखातलं ते वाक्य पूर्ण उद्धृत केलं आहे आणि खाली लिहिलं आहे, "हे विधान चुकीचे होते. चूक माझ्या पद्धतीत होती." खोट्या नोंदीबद्दल मी दिलेली कबुलीही त्यांनी गाळलेली नाही, दोन ओळींत आहे. असायलाच हवी होती. ते पान मी बारावीच्या वर्गात वाचून दाखवलं, दोन्ही ओळींसकट. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, खोटं लिहिलं नसतं तर आठ वर्षं आधीच जिंकला असता ना?" मी हो म्हटलं. मग ती म्हणाली, "तरी जिंकलाच की."

प्रबंध पुन्हा दाखल करायला विद्यापीठानं परवानगी दिली आहे. सरांचं शिफारसपत्र सोबत गेलं. नव्या जातीला माझं नाव द्यायचं तू म्हणतेस, ते राहू दे. तिच्या बारीक काट्यांवरून नाव ठेवू. तिची ओळख तीच आहे.

आता मुख्य गोष्ट. सरांनी कपाटातल्या सगळ्या नारिंगी स्पंजांची पुन्हा तपासणी करायची ठरवली आहे. एकशे चाळीस बाटल्या. सगळ्या दहा मिनिटांत बघितलेल्या, म्हणजे एकीवरही भरवसा नाही. त्यांनी लिहिलं आहे, "हे काम भूमला व्हावे, तिथे थांबण्याची शिस्त आहे." दिव्याचा सूक्ष्मदर्शक ते देत आहेत. प्राचार्यांनी मागची खोली मोकळी करून दिली आहे. मामांनी फळ्या ठोकल्या आहेत आणि प्रत्येक फळीवर आकडे रंगवले आहेत, एक ते एकशे चाळीस. निवृत्ती पुढं ढकलता येते का, याची चौकशी ते करत आहेत.

बाटल्या कुरिअरनं पाठवू नकोस. तू घेऊन ये. मिरजेकडून येणारी गाडी येडशीला थांबते का ते बघ, नाहीतर बार्शीला उतर. कुठं उतरतेस ते कळव, मी आणि मामा घ्यायला येतो.

अव्वाला सांगितलं, तुळजापूरच्या पुजाऱ्यांची जाई येणार आहे. तिनं विचारलं, किती दिवस राहणार? मी म्हटलं, बाटल्या एकशे चाळीस आहेत आणि प्रत्येकीला दोन दिवस थांबावं लागतं. ती बोटांवर मोजायला लागली, मध्येच सोडून दिलं आणि तुझ्यासाठी गादी उन्हात टाकायला गेली.

तुझी,
शिवांजली